चाळीपुढचा फोटो

वहिनींनी कळवणहून पाठवलेली कांद्याची गोणी सोडली, की वासासरशी मला तो फोटो आठवतो. भाऊ गेल्यावर शेत वहिनींनीच सांभाळलं, कांदाचाळही त्यांनीच उभी केली. पण सातबारा माझ्या नावावर, म्हणून अनुदानाच्या फोटोत मी हवा होतो. नाशिकहून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि चाळीपुढे उभा राहिलो. "बाई, जरा बाजूला व्हा," फोटो काढणारे साहेब वहिनींना म्हणाले, आणि मी शर्टाची कॉलर सरळ केली. वहिनीच हसून म्हणाल्या, "भाऊजी, हातात कांदा तरी धरा, म्हणजे शेतकरी दिसाल!" मी धरला. अनुदान माझ्या खात्यात आलं, ते लगेच त्यांना पाठवून मी स्वतःला फार उदारही समजलो. सातबाऱ्यावर त्यांचं नाव लावायचं तेव्हाच ठरवलं होतं. गोणी दरवर्षी वेळेवर येते, मला मात्र अजून तलाठ्याकडे जायला सवड झालेली नाही.