पांढऱ्या साडीचा खरा रंग

मागच्या वर्षी तीर्थपुरीजवळच्या एका गावात मी लग्नाचे फोटो काढले. बौद्ध कुटुंबातलं लग्न, नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत. मंडपवाल्यानं वर ताणलेलं कापड मात्र गडद गुलाबी. दुपारचं ऊन त्यातून खाली येत होतं, त्यामुळे नवरी, नवरदेव, भन्ते, पाहुणे, सगळेच गुलाबी झाले होते.

मी निर्धास्त होतो, कारण फोटो रॉमध्ये काढत होतो. जेपीजी म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतःच्या अंदाजानं शिजवून दिलेली भाजी; मीठ जास्त पडलं तर काढता येत नाही. रॉ म्हणजे निवडून ठेवलेली कच्ची भाजी. रंग किती, उजेड किती, ते नंतर कॉम्प्युटरवर ठरवता येतं.

जुन्या जालन्यातल्या माझ्या स्टुडिओत मी तो गुलाबीपणा काढला. स्क्रीनवर साडी दुधासारखी दिसायला लागली. खूश होऊन फाइली प्रिंटच्या लॅबला पाठवल्या, आलेला अल्बम न उघडताच गाडीत घातला आणि नवरीच्या घरी पोचवून आलो.

चार दिवसांनी सकाळीच एक बाई जिना चढून आल्या. नवरीची मावशी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. ‘जय भीम’ झालं, मी पाणी दिलं. त्यांनी एका पिशवीतून अल्बम काढला, दुसरीतून नवरीची साडी, आणि दोन्ही खिडकीजवळ उजेडात शेजारी शेजारी ठेवलं.

“भाऊ, हळद आदल्या दिवशी झाल्ती,” त्या म्हणाल्या. “मंग लग्नाच्या फोटोत कशी काय आली?”

अल्बममधली साडी खरंच पिवळी होती. मी घाईघाईनं कॉम्प्युटर सुरू केला. “हे बघा बाई, माझ्याकडं पांढरी दिसून राह्यली. लॅबवाल्यानं बिघडवलं.”

त्यांनी साडीचा पदर स्क्रीनशेजारी धरला. “ही पांढरी. आणि तुमची ही निळसर. दिसून राह्यलं का?”

एकदा सांगितल्यावर दिसलंच. मी तरी हट्टानं त्यांच्यासमोरच लॅबवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. त्यानं माझी तक्रार शांतपणे ऐकली आणि विचारलं, “स्क्रीनचा ब्राइटनेस किती ठेवला?”

“फुल.”

“आणि रंगाचं सेटिंग?”

“दुकानातून आणला तसंच.”

तो हसायला लागला. “मंग बराबर हाय. तुमचा स्क्रीन सगळंच निळं दाखवून राह्यला. ते निळं मारायला तुम्ही फोटोत पिवळा टाकला. स्क्रीनचं निळं तुमच्याकडंच राह्यलं, पिवळा तेवढा माझ्याकडं आला. मी तोच छापला.”

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसूही येईना आणि रागही येईना. फुकट शिव्या खाल्लेल्या त्या माणसाची मी माफी मागितली. त्यानं स्क्रीनचा रंग मोजून तो ताळ्यावर आणणारं एक छोटं यंत्र दोन दिवसांसाठी पाठवायचं कबूल केलं. “आणि फाइल देताना एसआरजीबी प्रोफाइल जोडत जा,” तो म्हणाला. “कोणता आकडा म्हणजे कोणता रंग, हे त्यात लिहिलेलं असतं. ते नसलं की माझ्या मशीनला अंदाजानं रंग लावावा लागतो.”

यंत्र आलं. उंदरासारखं दिसणारं ते यंत्र स्क्रीनवर टेकवलं, रंगांचे चौकोन एकामागून एक उमटले, आणि शेवटी माझा झगमगीत स्क्रीन एकदम मवाळ झाला. मी जुने फोटो उघडले. साडी पिवळी! अख्ख्या गावाला दिसलेलं मला आत्ता कुठं दिसलं.

मी मावशींना फोन केला. रविवारी त्या साडी घेऊन पुन्हा आल्या आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. रॉ फाइली तशाच होत्या, त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात करता आली. मी रंगाची पट्टी सरकवायचो, त्या साडीकडे बघून सांगायच्या.

“थांबा. आता जास्ती होऊन राह्यलं. चुण्यांतली सावली थोडी निळी राहू द्या. सगळं एकसारखं पांढरं केलं तर ते कापड न्हाई दिसत, कागद दिसतो.”

पंधरा वर्षं फोटो काढून राह्यलो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग नवरदेवाचा फोटो आला. सवयीप्रमाणे मी त्याचा चेहरा उजळ करून ठेवला होता.

“जावयाला कुणी धुतलं?”

“सगळ्यांनाच असं आवडतं, बाई.”

“कुणी सांगितलं? विचारलं का तुम्ही कुणाला?”

विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाला गोरंच हवं असतं असं मीच धरून चाललो होतो. मी पट्टी मागे नेली. उन्हातान्हात फिरून रापलेला त्याचा तांबूस सावळा रंग परत आला, आणि त्याबरोबर डोळ्यांतलं हसूही दिसायला लागलं. मग बाकीचे सगळेच चेहरे मी तसे परत आणले. दुपारचे दोन वाजले. मध्ये दोनदा चहा झाला.

नवा अल्बम या वेळी मी पान न् पान खिडकीत बघून घेतला आणि स्वतः गावाला घेऊन गेलो. अंगणात बाजेवर तो उघडला तशी भोवती गर्दी झाली. नवरदेवाची आईही आली होती. तिनं एका पानावर मुलाच्या सावळ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, बराच वेळ उचललंच नाही.

“हा माझा हाय,” ती म्हणाली.

मग आतून जेवायचं बोलावणं आलं. भाकरी, वांग्याची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. मी दुसरी भाकरी नको म्हणालो, पण मावशींनी ती ताटात टाकलीच.