यंत्र झालेले मेहुणे

रत्नागिरीत स्वतःला यंत्र म्हणवून घेण्यात धन्यता मानणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी मेहुणा म्हणून आला आहे. बायकोचे हे थोरले बंधू निवृत्तीनंतर आमच्याच शाळेत नववी-दहावीच्या मुलांना फुकट प्रोग्रॅमिंग शिकवतात. मी तिथे मराठी शिकवतो, त्यामुळे त्यांच्या तक्रारी माझ्याकडेच येतात. पहिले पंधरा दिवस ते संगणकाला हात लावू देत नाहीत. मुलांनी कागदावर आज्ञा लिहायच्या आणि यांनी त्या तंतोतंत पाळायच्या. एकदा एकाने ‘पुढे चला’ लिहिलं आणि थांबायचं लिहायला विसरला. मेहुणे वर्गातून निघाले, व्हरांडा ओलांडला, मुख्याध्यापकांना नमस्कार न करता पुढे गेले आणि कुंपणाच्या गडग्याला छाती लावून जागच्या जागी पावलं टाकत राहिले. पोरगं मागून ओरडतंय, “सर, थांबा!” तर हे म्हणतात, “तोंडी नको. कागदावर लिही.” घरीही तीच तऱ्हा. बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, आमटी ढवळायला सांगितली, तर कधीपर्यंत ते विचारल्याशिवाय पळी उचलत नाहीत.

दुसरा हट्ट याहून वाईट. मुलांचा प्रोग्रॅम चुकला तरी ते बोट लावत नाहीत. हात खिशात घालून छताकडे बघत उभे राहतात.

गेल्या वर्षी दहावीतल्या एका मुलीने भरतीची वेळ सांगणारा प्रोग्रॅम केला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिचे वडील मच्छीमार होडी हाकणारे तांडेल. तिचं नाव या वर्गातून काढायलाच ते आले होते. “ह्या डब्यान काय होनार? आज एकादस. सांग, भरती कवा?”

अकराची पाऊणपट. पडद्यावर आलं ८.२५.

“आठ पंचवीस,” मुलगी म्हणाली.

“सव्वाआठ! दहा मिन्टांत होडी रेतीत बसंल. चल घरी.”

तिचा चेहरा उतरला. “दादा, सांगा की तिला!” मी मेहुण्यांच्या कानाशी कुजबुजलो. दादा छताकडेच बघत होते. मला त्या क्षणी त्यांचा मनापासून राग आला.

मुलगी मात्र उठली नाही. बोटांवर पाऊणकी पुटपुटली आणि एकदम म्हणाली, “बाबा, ती पंचवीस मिन्टं नायत, पाव तास हाय तो!” तिने अपूर्णांकाला साठाने गुणलं. आठ वाजून पंधरा. तांडेलांनी स्टूल ओढलं आणि प्रतिपदेपासून पंधराच्या पंधरा तिथ्या तपासल्या. मग उठले. “ऱ्हाव दे हिला. पुढंपन शिकू दे.”

ती दोघं गेल्यावर मी मेहुण्यांवर उखडलो. “आणि नसतं सुचलं तिला, तर?”

त्यांनी संगणक बंद केला. मग म्हणाले, “आमच्या छकुलीची एकही चूक मी पाच मिनिटं राहू दिली नाही रे. तिच्या हातून कीबोर्ड काढून घ्यायचो. तिने तो विषयच सोडला.”

छकुली, म्हणजे माझी भाची, आता लांब असते. दर रविवारी न चुकता फोन करून बापाची तब्येत विचारते. स्वतःच्या कामाचं काही सांगत नाही, आणि आमचे मेहुणेही विचारत नाहीत.