शेठची लाल वायर

पडघ्याजवळच्या गोदामात मी सर्व्हर सांभाळायला लागले, तेव्हा आमच्या शेठना एकच प्रश्न छळत होता. एका कामाला दोन मशीन कशाला?

शेठ जवळच्याच शेलार गावचे. स्वतःच्या भाताच्या जमिनीवर गोदामं बांधून मोठे झालेले, त्यामुळे जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर त्यांचा विश्वास नसे. "एक ट्रक चालवाला दोन डायवर बसवतो का आपन?" त्यांनी विचारलं.

"लांबच्या फेरीला बसवता की, शेठ."

मला परवानगी मिळाली.

आमच्याकडे गेटपास छापणारं सॉफ्टवेअर बंद पडलं की एकही ट्रक फाटकाबाहेर जात नाही. पहिलं मशीन मेलं तर ते सॉफ्टवेअर आपोआप दुसऱ्यावर जायला हवं होतं. त्यासाठी त्याचं सगळं बिऱ्हाड एकत्र बांधावं लागतं: त्याची डिस्क, नेटवर्कवरचा पत्ता, आणि कोणी आधी उठायचं नि कोणी मागून, तो क्रम. याला आम्ही पॅकेज म्हणतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात सॉफ्टवेअर डिस्कच्या आधीच उठलं आणि तोंडावर आपटलं. क्रम बदलला, मग जमलं.

शेठना बोलावलं आणि त्यांच्यासमोर पहिल्या मशीनची वायर उपटली. कॉम्प्युटरचा पडदा क्षणभर थबकला आणि गेटपास पुन्हा छापायला लागला.

"आयला!" शेठ हात पुढे करत म्हणाले. "मना करू दे."

इथून माझे हाल सुरू झाले. शेठना खेळणं सापडलं. व्याही आले, वायर उपट. गावची मंडळी आली, वायर उपट. मी विनवलं, "शेठ, उपटलेलं मशीन मी तपासून परत जोडीत घेतल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका." ते मान डोलवायचे, आणि ऐकायचे नाहीत.

एकदा मी जेवायला गेले असताना त्यांनी मेव्हण्याला खेळ दाखवला. पहिली वायर काढली, लावली. मेव्हणे म्हणाले, "परत दाखवा." शेठनी दुसरी काढली. पहिलं मशीन चालू होतं, पण जोडीत परतलं नव्हतं. बिऱ्हाडाला जायला घरच उरलं नाही. मी धावत आले तेव्हा ट्रकांचे हॉर्न चालू होते आणि एक ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून विचारत होता, "मॅडम, पर्ची नहीं निकलेगी क्या आज?"

सगळं पूर्ववत केल्यावर मी त्याच खोलीत डिस्पॅचच्या टेबलावर बसणाऱ्या, नारपोली गावच्या मैत्रिणीला म्हटलं, "यांना थांबवायचं कसं?"

"थांबवू नकोस," ती म्हणाली. "वेगळी वायर दे."

रॅकमध्ये खाली एक बाद झालेलं मशीन पडून होतं. त्याचे दिवे तेवढे लागायचे. आम्ही ते पुसून मधोमध बसवलं, त्याला जाडजूड लाल वायर लावली आणि शेठना गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "खास तुमच्यासाठी. उपटायची ती फक्त हीच."

शेठ हरखले. पुढच्या पाहुण्यांसमोर त्यांनी लाल वायर ओढली. मशीनचे सगळे दिवे विझले, पण पडदा जरासुद्धा हलला नाही.

"बगला? या टायमाला कललासुदा न्हाय!" ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू आता सुदारलीस."

"हो शेठ, थोडं सेटिंग बदललं," मी म्हटलं. मैत्रीण टेबलाखाली पेन शोधायला वाकली, ती बराच वेळ वर आलीच नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेठाणीबाई आल्या. शेठनी वायर ओढली, भाषण केलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. बाई मात्र रॅकसमोर उभ्याच. वरच्या मशीनकडे पाहिलं, खालच्या मशीनकडे पाहिलं.

"बाकीच्यांना मागं केवड्या वायरी हायेत," त्या म्हणाल्या. "या एकल्याला येकच कशी?"

मी लादीकडे बघत राहिले. मैत्रीण पुन्हा टेबलाखाली.

बाईंनी लाल वायर स्वतःच्या हाताने परत खोचली. दिवे लागले. पदर सावरत त्या दाराकडे गेल्या आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, "असा येक आमच्या घरी पन बसवून दे. यांचा हात सारका टीव्हीच्या मागं असतो."