दोन बोटं माती

गावात तिला सगळे भिंगरी म्हणत. तोंडावर वहिनी, काकू, मावशी, ज्याचं जे नातं लागेल ते. पाठ वळली की भिंगरी. तिलाही ते ठाऊक होतं, पण राग नव्हता. राग धरायला माणसाला एका जागी जरा टेकावं लागतं, आणि तेवढी सवड तिला कुठली! चहा ती उभ्यानं प्यायची. जेवता जेवता दोनदा उठायची. अंथरुणावर पाठ टेकली की उद्याची कामं डोक्यात नाचायला लागायची, मग झोप बिचारी दारातूनच परत जायची. अशा बाईच्या वाट्याला जमीन आली दीड एकर. एवढ्याशा जमिनीत दोनच गोष्टी करता येतात: आहे त्यात समाधान मानायचं, नाहीतर त्या जमिनीला सुखानं बसू द्यायचं नाही. भिंगरीनं काय केलं असेल ते सांगायला नको.

तिचा नवरा शहरातल्या एका कारखान्यात वॉचमन होता. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत तो तिकडे गेला, तो तिकडचाच झाला. आठवड्याच्या सुट्टीला संध्याकाळच्या बसनं यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं जायचा. माणूस इतका शांत, की घरात आहे की नाही हे चप्पल बघून ओळखावं. काही सांगितलं की 'बरं' म्हणायचा. ते 'बरं' होकाराचं की नुसतंच तोंडातलं, हे भिंगरीला कधीच नीट कळलं नाही. मूलबाळ झालं नाही. आठवड्यातले बाकीचे दिवस घरात बोलायला ती आणि भिंती. हे ती कुणाला सांगायची नाही, पण त्या माणसावाचून तिला करमत नव्हतं. तसं वरवर पाहता ती त्याला सुट्टीच्या दिवशी कामालाच लावायची.

दोघांचं एक ठरलं होतं. म्हणजे भिंगरीनं ठरवलं होतं आणि तो 'बरं' म्हणाला होता. ज्या वर्षी हे रान दोघांना वर्षभर पोसेल, त्या वर्षी त्यानं नोकरी सोडून घरी यायचं. बस्स. त्या एका गोष्टीसाठी तिनं रानाच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं.

आधी भाजीपाला झाला. तिनं टोमॅटो लावले की अख्ख्या पंचक्रोशीला टोमॅटोच लावायची बुद्धी व्हायची, आणि बाजारात कुणी ढुंकून बघायचं नाही. मग बदकं आणली. बदकांचं बरं चाललं होतं. अंडी शहरातल्या एका हॉटेलात जायची, मालक गाडी पाठवायचा. मग फुलं. फुलंही चालली, पण फुलांचा नखरा फार. गाडीला अर्धा दिवस उशीर झाला की माल फेकायचा. प्रत्येक खेपेला भिंगरीचं नवं गणित तयार असायचं. शेजारीपाजारी म्हणायचे, हिच्या रानाला या वर्षी काय नेसवलंय ते बघायला जाऊ या.

आणि मग लॉनवाला आला.

हा शहरातल्या कचेऱ्यांपुढे, बंगल्यांपुढे हिरवळ अंथरून देण्याची कंत्राटं घ्यायचा. गोड बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. त्यानं तिला सगळं समजावून दिलं. रान सपाट करायचं, गवताच्या काड्या टोचायच्या, पाणी द्यायचं, यंत्रानं कापत राहायचं, वरून रूळ फिरवायचा. गवताची सतरंजी विणली गेली की त्याची माणसं पसरट फावडी घेऊन येणार, चौकोनी तुकडे कापणार, मुळं धरून राहावीत म्हणून खाली दोन बोटं माती ठेवून अलगद उचलणार, गाडीत रचून नेणार. पैसे तिथेच, बांधावर.

"आणि माती जाते ती?" भिंगरीनं विचारलं होतं. विचारलं नव्हतं असं नाही.

"दोन बोटं हो, मावशी! माती काय, होते पुन्हा तयार."

तिला ते पटलं, कारण तिला ते पटवून घ्यायचं होतं. शिवाय गवत म्हणजे किती सरळ माल! किडकं निघालं म्हणून कुणी परत पाठवत नाही, एक दिवस उशीर झाला तर सडत नाही. पहिली कापणी झाली, दुसरी झाली, आणि भिंगरीच्या घरात पहिल्यांदा वर्ष संपलं तरी धान्याचा डबा वाजला नाही. फक्त एक पथ्य होतं: वाढत्या गवतावर पाय पडता कामा नये. कोंबड्यांना तिनं पिटाळलं, पोरांना शिव्या घातल्या, आणि नवऱ्यालाही सांगून ठेवलं, "अहो, बांधावरूनच बघा हं. गवतावर पाय नको." तो बांधावरूनही फारसा बघायचा नाही. ओसरीवर बसून हिरवंगार दिसायचं तेवढं त्याला पुरे होतं.

मग तो घरी कधी यायचा? भिंगरी म्हणाली, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मोटर जळली, ती नवी घेतली. त्याच्या पुढच्या वर्षी छताचे पत्रे. मग म्हणाली, हाताशी थोडं राहू दे, नाहीतर पहिलंच वर्ष अंगावर यायचं. दर कापणीला तिला वाटायचं, आता ही एक झाली की बास. आणि ती झाली की पुढची दिसायला लागायची.

बांधाला बांध लागून ज्याचं रान होतं तो शेजारी एक दिवस म्हणाला, "वहिनी, तुमच्या रानात उतरायला आता शिडी ठेवा."

"शिडी ठेवली तर तुम्ही रोज उतराल. राहू दे आहे तसंच."

तो हसत गेला. भिंगरीही हसली, पण ते हसू घरापर्यंत टिकलं नाही. शेजाऱ्याच्या शेतातलं पाणी हल्ली तिच्याकडे येऊन साचायला लागलं होतं, हे तिनं पाहिलं होतं. आणि त्यानंतरच्या कापणीला खालच्या कोपऱ्यात फावडं खर्रकन वाजलं. कापणारा गडी म्हणाला, "मुरूम लागला." तिनं त्याला दुसऱ्या टोकाला पाठवलं आणि तो कोपरा शेणखतानं झाकून टाकला, शेजारी बघायच्या आत. त्यानंतर मात्र तिच्या डोळ्याला डोळा लागेना. सारखं उठून दारात जायचं, परत यायचं. हात कामात असायचा आणि मन त्या कोपऱ्यात. नवऱ्याला सांगावं असं रोज वाटायचं. सुट्टीला तो आला की मात्र ती जगातल्या बाकी सगळ्या गोष्टी सांगायची.

एका सुट्टीला तो आलाच नाही. कारखान्यात काहीतरी नवीन काम निघालंय, जास्तीची ड्यूटी आहे, असा निरोप आला. भिंगरी थोडीच घरी बसते! धुतलेला गणवेश आणि जेवणाचा डबा पिशवीत घालून तिनं सकाळची बस पकडली.

कारखान्याच्या फाटकातून आत गेलं की ऑफिसची इमारत होती. इमारतीसमोर मोठं मैदान, एरवी धुळीनं भरलेलं. त्यावर हिरवळ अंथरली होती. अजून तुकड्यांचे सांधे दिसत होते. भोवती दोरी, दोरीला पाटी. पहिल्यांदा भिंगरीला अभिमानच वाटला. लॉनवाल्यानं नेलेलं आपलंच गवत असणार! डौलात पसरलंय साहेबलोकांच्या दारात! पलीकडच्या कडेला तिचा नवरा गणवेशात उभा होता, तोंडात शिट्टी. एक कारकून दोरी ओलांडून मधूनच निघाला होता, त्याला तो म्हणत होता, "साहेब, गवतावरून नको."

भिंगरीनं दोरी ओलांडली. एका तुकड्याची कड बोटांनी उचलली. काळी माती, आणि तिच्यात लाल खापरीचा तुकडा. तिच्या रानाच्या जागी फार पूर्वी कौलांची भट्टी होती. तिथे कुठेही मूठभर माती घ्या, खापरी सापडणारच. तो तुकडा हातात घेऊन ती तिथेच बसून राहिली. हे गवत नव्हतंच. गवत वरवरचं. हे तिचं रान होतं.

शिट्टी वाजली. "ओ बाई, उठा तिथून. गवतावर पाय नको."

तिनं वर पाहिलं.

"अगं, तू?" वॉचमनची शिट्टी तोंडातून गळाली. तिच्या हातातला तुकडा बघून त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला आणि मूठ उघडली. मुठीत सात-आठ खापऱ्या होत्या.

"अंथरलं तेव्हापासून वेचतोय," तो म्हणाला. "पायाला एक लागली आणि ओळखलं, हे आपलंच."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तू म्हणालीस, रान पोसेल तेव्हा घरी या. मी थांबलो. तर आता रानच माझ्याकडे यायला लागलं. मी तिकडे येऊ, का तू सगळं इकडेच पाठवणार आहेस?"

त्यानं एका दमात एवढं बोललेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. हसावं की काय करावं तिला कळेना. "आता फक्त एक कापणी, मग..."

"मी बदकांच्या वर्षी निघालो होतो," तो म्हणाला. "ट्रंक भरली होती. तू म्हणालीस, थांबा, बदकांचं काय खरं! फुलांच्या वर्षी साहेबांना सांगूनसुद्धा टाकलं होतं. मग पुन्हा जाऊन सांगितलं, नाही जात. ते हसले."

"तुम्ही कधी बोलला नाहीत हो!"

"तू ऐकायला थांबत नाहीस गं."

तो रागानं बोलला नव्हता, म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं ती ज्या माणसाला घरी आणायला जिवाचं रान करत होती, त्याला दारातून परत पाठवणारीही तीच होती. 

तेवढ्यात इमारतीच्या बाजूनं लॉनवाला आला. "मावशी! बरं झालं भेटलात. मागच्या बाजूचंही काम मिळालं आपल्याला. तुमच्याकडचं उरलंसुरलं सगळं उचलतो. परवा गाडी लावतो. आणि भाव या वेळी तुम्ही सांगाल तो."

भिंगरीचं डोकं सवयीनं पळायला लागलं. सगळं एकदम गेलं तर केवढी रक्कम, त्यात काय काय होईल, याला उद्याच घरी नेता येईल. घरी नेता येईल खरं, पण कशावर उभं करायचं त्याला? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो फाटकाकडे बघत होता. एका शब्दानं मदत करेल तर शपथ!

"गाडी लावू नका," ती म्हणाली.

"भाव कमी वाटतोय का?"

"भावाचं नाही. माती संपली."

"माती कुठे संपते का, मावशी?"

"माझी संपली."

लॉनवाल्यानं दोनदा समजावलं, मग घड्याळ बघितलं आणि गेला. गवत विकणारे त्याला आणखी पुष्कळ होते.

"महिनाअखेर निघा," भिंगरी नवऱ्याला म्हणाली. "या वेळी थांबा म्हणणार नाही."

"आणि खायचं काय?"

"मला माहीत नाही."

 त्यानं डबा घेतला, तिला फाटकापर्यंत सोडलं आणि परत दोरीपाशी जाऊन उभा राहिला.

महिनाअखेर तो खरंच आला, ट्रंक घेऊन. मधले दिवस भिंगरीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. माती गेली हे त्याला कळलं होतं. किती गेली हे कुठे कळलं होतं? मुरमाचं तिनं अजून सांगितलं नव्हतं. रात्री सांगू म्हणाली, तर तो दमून लवकर झोपला. सकाळी चहाबरोबर सांगू म्हणाली. चहा गाळून बाहेर आली, तर ओसरी रिकामी.

तो बांधावर उभा होता. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. आज त्याला 'गवतावर पाय नको' म्हणणारं कुणी नव्हतं. लग्न झाल्यावर रोज सकाळी तो ज्या जागेवरून रानात उतरायचा, तिथूनच त्यानं न बघता पाय टाकला. जिथे जमीन असायची तिथे जमीन नव्हती. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि तो गुडघ्यांवर आपटला.

चहा तिथेच टाकून भिंगरी धावली. बांधावरून उतरताना तिचाही तोल गेला. तो हातांवर टेकून तसाच बसला होता आणि मागे वळून बांधाकडे बघत होता. बांध त्याच्या खांद्याला लागत होता. भिंगरी त्याला उठवायला म्हणून वाकली, पण तिच्यानं उठवणं होईना. ती त्याच्या शेजारी खालीच बसली आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडायला लागली.

"मी विकली हो," ती म्हणाली. "तुम्हाला घरी आणायला सगळी विकली."

त्यानं तळहात झटकले. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नकोस," तो म्हणाला. "लागलं नाही मला. खरंच गं, लागलं नाही."