न विकलेला तोटा

मी चौथी शिकलो. बापानं रेल्वेच्या वॅगन कारखान्यात चिकटवून दिलं आणि मी सारं आयुष्य चाकांवर हातोडी मारत काढलं. चाक चांगलं असलं की घंटीसारखं वाजतं, आत तडा असला की आवाज बसका येतो. वरून काही दिसत नाही. त्या कामानं मला पेन्शन दिली आणि एक सवय दिली. समोरच्या माणसावरही आधी हातोडी मारून पाहायची.

रायपूर राजधानी झालं तेव्हा आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, रोज कोणी ना कोणी प्लॉटवाला यायचा. धानाच्या शेतात उभं करून सांगायचा, इथं मंत्रालय होणार, तिथून मोठा रस्ता जाणार. मी म्हणायचो, आधी होऊ द्या, मग पाहू. शेजाऱ्यांनी घेतले, मी घेतला नाही. पुढं मंत्रालय झालं, रस्तेही झाले, शेजाऱ्यांची घरं दुमजली झाली, आणि बायको मला अधूनमधून त्यांच्या गच्च्या दाखवत राहिली. काही प्लॉटवाले लोकांचे पैसे घेऊन पळालेही, ते मात्र ती कधी सांगत नाही.

म्हणून निवृत्तीचा पैसा बँकेत पडून होता. जावई बीरगांवच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याची सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी तो आणि आमची पोरगी जेवायला यायचे. एकच पोरगी आहे आम्हाला. एका गुरुवारी तो म्हणाला, "मामाजी, एफडीवर काय भेटून राहिलं? थोडे शेअरमधे टाका."

मी वर्षभर नाही म्हटलं. मग हो म्हटलं, पण अट घातली. खातं माझ्या नावावर, आणि शेअर विकताना जो नंबर मोबाइलवर येतो, तो माझ्याच मोबाइलवर आला पाहिजे. नंबर सांगितल्याशिवाय काही विकलं जात नाही, एवढं मी विचारून घेतलं होतं. म्हणजे किल्ली माझ्याजवळ. बायकोकडून बंडीला आतून चोरखिसा शिवून घेतला आणि मोबाइल त्यात ठेवला. अंघोळीला जातानाही प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून खुंटीवर टांगायचो. बायको बाहेरून ओरडायची, "त्याले बी साबन लावून द्या आता!"

शेअर चढला की मला झोप यायची नाही. चढवणारा कोणी आहे म्हणजे उतरवणाराही असणार. मी गुरुवारी जावयाला म्हणायचो, "विका." तो म्हणायचा, "मामाजी, साल तर होऊ द्या, टॅक्स कमी लागते." मला वाटायचं, हा काहून थांबवून राहिला? चोरखिशातून मोबाइल काढून मी नंबर वाचायचो, जावई तो आपल्या मोबाइलवर टाकायचा, आणि शेअर विकला जायचा. असे चांगले चाललेले सगळे शेअर मी वर्षाच्या आत काढून टाकले.

एक सोडून. तो पाइप बनवणाऱ्या कंपनीचा होता, आणि तो मी स्वतः निवडला होता. भनपुरीच्या रस्त्यावर तिचं गोदाम होतं. बाहेर ट्रकांची ही लांब रांग, मी डोळ्यांनी पाहिलेली. ट्रक उभे होते ते पाहिलं, भरलेले की रिकामे ते पाहायला उतरलो नाही. तो शेअर घेतल्यापासून पडत गेला. जावई म्हणायचा, "हा काढून टाका, मामाजी." मी मोबाइल परत चोरखिशात घालायचो. विकला म्हणजे गेले पैसे. नाही विकला तर अजून आहेत. उलट दुसऱ्या शेअरचे जे पैसे आले, ते सगळे मी यातच टाकले, स्वस्त मिळतो आहे म्हणून.

जुलैमध्ये जावयानं माझं टॅक्सचं रिटर्न भरायला घेतलं. दरवर्षी तोच भरायचा आणि दरवर्षी काही भरावं लागत नसे. या वेळी त्यानं आकडा सांगितला, तो माझ्या तीन महिन्यांच्या पेन्शनएवढा होता.

"कायचा टॅक्स?"

"शेअरच्या नफ्याचा, मामाजी."

"नफा? टाकले त्याचे अर्धे उरले, आन नफा?"

तो समजवायला लागला. नफा वेगळा, तोटा वेगळा, हा धरतात, तो धरत नाहीत. मला आवाज बसका लागला. मी म्हणालो, "सरकारच्या कम्प्युटरले दिसून राहिलं का मी कमावलं. मंग ते मायाजवळ काहून नाही? मधात कोन आहे, जावईबापू? तुमीच."

पोरगी उभी राहिली. "बाबा, आप क्या बोल रहे हो, पता है आपको?"

 जावयाच्या चहावर साय धरली होती. तो तसाच ठेवून दोघं निघून गेले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बायकोनं बोलणं बंद केलं, ताट समोर ठेवायची आणि आत जायची. एकदा फक्त म्हणाली, "पोरगी तुटली तं तुमचा तो मोबाइल येनार आहे काय मयतीले?"

मला वाटलं, चोर पकडून दाखवतो, मग बोलतील सगळे. जावयाला न सांगता मी सगळे कागद घेऊन शहरात एका टॅक्सच्या वकिलाकडे गेलो. खुर्चीत एक तरुण बाई निघाली. मी आधी जावयाचं नाव घेऊन विचारलं, यांना ओळखता काय?

"नहीं बाबाजी, मैं तो बिलासपुर की हूँ," ती हसून म्हणाली.

ओळखणारा माणूसही असंच म्हणेल. पण मी बसलो.

तिनं कागद उलटसुलट पाहिले आणि पाइपवाल्यावर बोट ठेवलं. "ये तो आपने बेचा ही नहीं."

"पर नुकसान तो है ना, बाई? आधे पे आ गया."

"जब तक बेचा नहीं, सरकार के लिए नुकसान हुआ ही नहीं. कल भाव चढ़ भी सकता है ना? और जो बेचे, वो सब फायदे में बेचे. टैक्स उसी का है."

"वो पैसा भी इसी में डाला. मेरे हाथ में क्या है?"

"वो आपने कहाँ डाला, सरकार नहीं पूछती. मार्च खत्म होने से पहले इसे बेच देते, तो नुकसान उस मुनाफे में से कट जाता. टैक्स बहुत कम लगता. किसी ने बताया नहीं था?"

 सांगितलं होतं. मार्चमध्ये जावई दोन गुरुवार त्यासाठीच मागे लागला होता, आणि मी छातीवर हात ठेवून बसलो होतो, खिशावर.

"अब भी बेच दीजिए," ती म्हणाली. "आगे के मुनाफे में कटेगा. आठ साल तक काम आएगा."

"आठ साल मैं रहूँगा, ये लिख के दोगी?"

ती पुन्हा हसली. मग सहज विचारलं, "बेचने का ओटीपी किसके फोन पर आता था?"

मी कागद गोळा केले, फी दिली आणि उठलो.

घरी येताना एकच शोधत होतो. मोबाइल माझ्या अंगावर नव्हता असा एखादा दिवस. एक सापडला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बंडी काढावी लागली, तेव्हा मोबाइल बायकोजवळ होता. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पण ऑपरेशन सोमवारी झालं होतं, आणि विक्री सगळी गुरुवारची. चोर आत शिरू नये म्हणून मी इतकं घट्ट बंद केलं होतं, की आत माझ्याशिवाय कोणी नव्हतंच.

एफडी मोडून टॅक्स भरला. मग जावयाला फोन लावला. माफी मागायला लावला नव्हता, हे सांगून ठेवतो.

"जावईबापू, तो पाइपवाला विकाचा आहे. गुरुवारी या."

पलीकडं कारखान्यातल्या मशीनची घरघर. मग, "हव, मामाजी."

दोघं आले. पोरगी सरळ आईजवळ गेली. जावई नेहमीच्या पलंगावर बसला नाही, दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली. त्यानं आपल्या मोबाइलवर शेअर काढला, भाव सांगितला, आणि माझ्या छातीवर मोबाइल थरथरला. मी तो काढला आणि त्याच्यापुढं धरला. "घ्या. तुमीच वाचा."

त्यानं हात मागं घेतला. "नाही मामाजी. तुमीच वाचा. मोठ्यानं वाचा." मग आतल्या खोलीकडं वळून म्हणाला, "मामीजी, जरा बाहेर या. तू पन ये."

दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्या तिघांसमोर एकेक आकडा वाचला, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा. शेअर विकला गेला. जे गेलं होतं, ते त्या दिवशी गेलं.

आता ते दर गुरुवारी येतात. जावई चहा पितो, बीरगांवच्या गोष्टी सांगतो, पण बसतो त्याच खुर्चीवर. मोबाइल मी त्याच्यापुढं कितीदा सरकवला, तो बोट लावत नाही. परवा मी विचारलंच, "मनात काही ठेवलं काय, जावईबापू?"

"काही नाही, मामाजी," तो हसून म्हणाला.

मी आवाज ऐकला. अजून बसका आहे.