काकांचं न थांबणारं चाक

माझी मावशी फार शिकलेली नव्हती, चारचौघांत बोलायची नाही, आणि तिच्या हातच्या स्वयंपाकाबद्दल तर न बोललेलंच बरं. त्या घरात सगळ्यांचं लक्ष असायचं ते तिच्या यजमानांकडे, म्हणजे काकांकडे. माझंही.

काका मोटारी भरायचे. जळलेल्या पंपाची, पंख्याची मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तार वेढे मोजत गुंडाळायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. मागे जेवत बसले असले तरी पुढे चालू असलेल्या मोटारीचा नुसता आवाज ऐकून सांगायचे, "बेअरिंग गेलंय तिचं." आणि ते गेलेलंच असायचं.

अशा माणसाच्या डोक्यात पन्नाशी उलटल्यावर भूत शिरलं. एक जड लोखंडी चाक. चाकाने डायनॅमो फिरवायचा, डायनॅमोच्या विजेवर मोटार फिरवायची आणि त्या मोटारीने पुन्हा तेच चाक. एकदा हाताने ढकलून दिलं की झालं, जन्मभर चालेल आणि वर घराला वीजही देईल. बारा वर्षं हे चाललं होतं. चाक दर वेळी थांबायचं आणि काका म्हणायचे, "जवळ आलोय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. बत्तीस वर्षं फळ्यावर जे लिहीत आले ते माझ्याच काकांना पटवता येऊ नये, याने माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"काका, चाक फिरताना घासतं, तापतं, आवाज करतं. ढकलताना तुम्ही जे घातलंत त्यातलंच ते जातंय."

"मग गळती बुजवायची. बादलीला भोक पडलं तर बुजवतात."

"बुजवा की. पण बादलीत आहे तेवढंच पाणी राहील ना? वाढणार कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

"तुम्ही पुस्तकवाले," काका म्हणायचे आणि पान्हा उचलायचे. मावशी चहा ठेवून निघून जायची. "मला नाही बाई कळत तुमचं," एवढंच म्हणायची. काकांना ते लागायचं. घरच्याच माणसाचा विश्वास नाही, असं मला दोनदा बोलून दाखवलं होतं त्यांनी.

मग काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. तीन दिवस अन्नाचा कण नाही. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय, पण मनातच नाही. चौथ्या दिवशी ते मावशीला म्हणाले, "नवी बेअरिंग बसवलीयत मी. एकदा लावून बघ."

मावशीने पुढच्या खोलीत जाऊन चाक ढकललं. भिंतीआडून घरघर सुरू झाली आणि काकांनी तोंड इकडे वळवलं. ती भरवायला बसली. अर्ध्या तासाने आवाज मंद होऊ लागला, तसा त्यांनी पुढ्यातला घास हाताने बाजूला केला. मावशी पाणी आणते म्हणून उठली आणि पुढच्या खोलीत डोकावली. चाक अगदी थांबायला आलं होतं. तिने काय विचार केला कोण जाणे, खांदा लावला आणि दिला रेटा. मागून काकांची आरोळी आली, "सावरलं! स्वतःहून सावरलं गं!"

हातात पाणी घेऊन ती परत आली. काका रडत होते आणि जेवणाचं ताट मागत होते. खरं सांगायचा क्षण तोच होता, आणि तो गेला.

हे मला फार उशिरा कळलं. मला एवढंच दिसत होतं की चाक थांबत नाही. काका उशांना टेकून बसायला लागले होते. डाव्या हाताने पाटीवर नोंदी करायचे: मंद, तेज, मंद, तेज. त्यांनी सिद्धान्तही बसवला होता. "यंत्र दम घेतं आणि पुन्हा जोर धरतं. माणसासारखंच!" मी घरी जाऊन, सांगायला लाज वाटते, माझीच पुस्तकं पुन्हा उघडली.

मग माझ्यातली मास्तरीण पेटून उठली. काकांना पलंगावरून बघता येईल असा एक दिवा हवा होता, डायनॅमोवर चालणारा. तो मी जोडून दिला, आणि मुद्दाम मोठा दिला. दिव्याचा भार पडला की चाक दहा-पंधरा मिनिटांत गपकन थांबेल, काकांचं भूत उतरेल आणि विज्ञानाची लाज राहील, असा माझा हिशेब. आठ दिवसांनी गेले तर दिवा जळतोय, काका दूध-पाव खातायत, आणि मावशी ओळखू येईना.

त्या दुपारी मी मागच्या दाराने न जाता दुकानाच्या दाराने आत शिरले. मावशी बाह्या वर सारून, चाकाच्या आऱ्याला खांदा लावून उभी होती. डोळे मिटलेले, दात आवळलेले. चाकाने वेग घेतल्यावर ती स्टुलावर बसली आणि मला बघून तिने आधी तोंडावर बोट ठेवलं.

"कधीपासून?" मी कुजबुजले.

"पहाटे पाचला लावते. ते गोळीने झोपले की रात्री नऊला सोडते." मग घाम पुसत म्हणाली, "दिवा नव्हता तेव्हा चाळीस मिनिटं मिळायची गं. कपडे धुऊन व्हायचे."

मला कुणी तोंडात मारली असती तरी चाललं असतं.

मी दिवा काढते म्हटलं. ती म्हणाली, आता काढलास तर पुन्हा भिंतीकडे वळतील. मी शहाणपणा केला आणि गुपचूप मोटार घरातल्या विजेवर जोडली. काय होणार होतं? मिनिटभरात आतून आवाज आला, "लाइनची मोटार गुरगुरतेय. वायर कुणी लावली?" संध्याकाळी ते जेवले नाहीत. चाळीस वर्षं मोटारी ऐकलेल्या कानाला फसवेल असं यंत्र माझ्याकडे नव्हतं. होती ती फक्त मावशी.

"सांगून टाकू या," मी म्हणाले.

"काय सांगू? बारा वर्षं केलंत ते फुकट गेलं, म्हणून? असं पडलेल्या माणसाला?"

"तू मरशील अशाने."

"माझ्यात आहे तोवर आहे," ती म्हणाली आणि घड्याळाकडे बघत उठली.

मी हात टेकले. सुटीच्या दिवशी जाऊन ढकलायची, तेवढाच तिला आराम. तेव्हा कळलं. दिवा चालू असताना ते चाक रेटून बघावं, दोन रेट्यांत माणूस खाली बसतो. मी वर्गात 'ऊर्जा निर्माण करता येत नाही' म्हणून सांगते आणि मुलं लिहून घेतात, पण ते वाक्य तोवर माझ्या खांद्याला माहीत नव्हतं. काका भरत चालले होते, मावशी सुकत चालली होती. ती दोन घास खायची आणि दोनशे घासांचं काम करायची. हे गणित कुठेच जुळत नव्हतं, आणि ते बघण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

सहाव्या महिन्यात ती चाकाशेजारीच कोसळली. डॉक्टर म्हणाले, हृदयात काही उरलेलंच नाही. माझे यजमान तिच्यापाशी दवाखान्यात राहिले, मी रजा टाकून काकांपाशी. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं ते हेच, "चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हणाले. शेजारणीला चाकापाशी बसवून आले होते.

पाचव्या दिवशी सकाळी दुकानातला फोन वाजला. मी तेव्हा चाकापाशीच होते. ऐकून घेतलं, फोन ठेवला, मागे गेले आणि काकांना सांगितलं.

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजवा नुसताच उघडा. मी त्यांचा हात धरून बसले. वर दिवा पिवळा व्हायला लागला. मी बसूनच राहिले. म्हटलं, थांबू दे आता, सुटू दोघंही. काकांची नजर दिव्यावर गेली. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवायला घेतलं.

"पाणी आणते," मी म्हणाले.

पुढच्या खोलीत जाऊन मी खांदा लावला. आऱ्याला मावशीने फडकं गुंडाळून ठेवलं होतं, खांद्याला रुतू नये म्हणून. तेही आता चिंध्या झालं होतं. चाकाने वेग घेतला. पाणी घेऊन परत आले तेव्हा काकांच्या तोंडावर लख्ख उजेड होता.

"बघितलंस?" ते म्हणाले. "ती गेली, पण हे थांबलं नाही." मग डोळे मिटून, अगदी हळू, "तिला कधी खरं वाटलं नाही माझं. आज असती तर तिलाही पटलं असतं."

मी "हो" म्हणाले आणि घड्याळात बघितलं.