छपरीत मराठी बंद

सून पोर्तुगालची आहे असं सांगितलं की लोक आधी विचारतात, ‘मग स्वयंपाक कोण करतं?’ दोघी करतो. भात तर ती माझ्यापेक्षा बरा करते, कारण तीही धानाच्याच मुलखातली. माझा मुलगा शेतकीचं शिकून तिकडच्या एका धानाच्या शेतीवर नोकरीला गेला होता. त्याच गावात ती पाळणाघरात लहान पोरं सांभाळायची. पुढचं व्हायचं ते झालं. मग मुलाला आपल्याच बांधीत, म्हणजे घरच्या शेतात, धान पिकवायची हुक्की आली आणि दोन वर्षांची लेक कडेवर घेऊन दोघं आमच्या गावी, सौंदडला परत आले.

नातीनं माझी भाषा बघता बघता उचलली. ‘आजी, मले दे’, ‘काऊन नाही?’ असं दिवसभर चालायचं. माझा जन्म अंगणवाडीत गेला, पोरांना बोलतं करणं हा माझ्या हातचा मळ, तेव्हा मी खूश होते. सून मात्र गप्प होत चालली होती. रोज संध्याकाळी तिच्या आईचा फोन यायचा. ती बाई तिकडे एकटी राहते. नातीचं तोंड नीट दिसावं म्हणून चष्मा पुसून समोर बसायची आणि काय काय विचारायची. तिला आमची नात अवॉ म्हणायची, म्हणजे आजी. आता तेवढंही म्हणेना. ती फोनकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि माझ्या पदराआड शिरायची.

एकदा असाच फोन झाल्यावर सून मला म्हणाली, “आई, मी दिवाळीपर्यंत बघते. माझी मुलगी माझ्या आईशी बोलली नाही, तर आम्ही परत जाऊ.”

तिचं मराठी मोजकं आहे, त्यामुळे तिला आडवळणानं बोलता येत नाही. मुलगा खाली मान घालून बसला होता, म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. मला राग आला. मी म्हटलं, “मग शिकव ना तिला. कोणी अडवलं?”

ती म्हणाली, “एका माणसाची भाषा होत नाही. मुलं पाहिजेत. खेळायला.”

मुलं मी आणली. गावातलं कोणाचं पोर किती महिन्यांचं, हे मला आजही तोंडपाठ असतं. सून आमच्या घरापुढच्या छपरीत लहान मुलांना खेळवणार, पोर्तुगीजमधून, असं मी घरोघर सांगितलं. पण गोरी बाई म्हटल्यावर पुढचं कोणी ऐकलंच नाही. पहिल्या दिवशी दोन-अडीच वर्षांची पोरं टाय लावून, पाटी घेऊन हजर. एकाच्या आईनं तर डोक्याला तेल चोपडून भांगसुद्धा पाडला होता. सुनेनं टाय काढले, पाट्या फळीवर ठेवल्या आणि पोरांपुढे पाण्याचं घमेलं, धानाचं तूस आणि जुनी मापं मांडली. छपरीत मराठी बंद, एवढा एकच नियम.

“मी बसणार,” मी म्हटलं. “छपरी माझी आहे.”

“बसा,” ती म्हणाली. “पण मराठी नाही.”

मग मी कोपऱ्यात तोंड शिवून बसले. मी मुकी बसते हे पाहायला शेजारणी मुद्दाम येऊन जायच्या.

तिची शिकवायची रीत मला आधी पटली नाही. आम्ही अंगणवाडीत पोराला म्हणायचो, ‘सांग बरं, हे काय?’ बरोबर सांगितलं की टाळ्या. ही काहीच विचारायची नाही. पोरगं पाणी ओतायचं, ही शेजारी बसून ‘आग्वा’ म्हणायची. पुन्हा ओतलं, पुन्हा ‘आग्वा’. कोणी दूर गेलं की हात पसरून ‘वें का’, म्हणजे इकडे ये. एखाद्या पोरानं पहिल्यांदा शब्द उच्चारला तरी कौतुक नाही. काही विशेष घडलंच नाही अशा थाटात त्याला पाणी द्यायची आणि खेळ पुढे चालू.

पंधरा दिवसांत एक आई दारात आली. “बाई, माह्या पोट्टीले ए बी सी डी नाही येत. पान्याले आग्वा आग्वा म्हणून राहिली. हे कोनतं इंग्लिश होय जी?”

मी म्हटलं, “इंग्लिश नाहीच. पोर्तुगीज आहे. सांगितलं होतं मी.”

“ते कायले पाहिजे? सडक अर्जुनीच्या बाजारात कोन बोलते ते?”

दुसऱ्या दिवशीपासून छपरी रिकामी झाली. नात एकटीच पाणी ओतत बसायची आणि मला म्हणायची, “आजी, पोट्टे काऊन नाही आले?” सून ऐकायची आणि घमेलं उचलून ठेवायची.

तेवढ्यात रोवणी, म्हणजे धानाची लावणी लागली. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत बायका उजाडताच बांधीत उतरतात आणि लहान पोरं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एखाद्या फाटक्या ताडपत्रीखाली भिजत बसतात. हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. मी पुन्हा घरोघर निघाले. या खेपेला भाषेचं नावच काढलं नाही. पोर दिवसभर कोरड्यात राहील, गरम भात खाईल, सापाविंचवाची धास्ती नाही, एवढंच बोलले. बाजाराचा दाखला देणारी तीच आई म्हणाली, “मंग ठेवा जी. पोर्तुगीज शिकवा, नाहीतं चिनी शिकवा.”

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे गरज दोन्हीकडची होती, म्हणून सौदा जमला. दुपारपर्यंतची छपरी आता दिवे लागेपर्यंत चालू लागली. पोरं तिथेच जेवायची, तिथेच झोपायची, तिथेच भांडायची. सून दूधभात आटवून त्यावर दालचिनीच्या पुडीनं रेघा काढायची, तिकडे सणाला तसा करतात म्हणे. तिकडे उन्हाळ्यातल्या एका सणाला तुळशीसारख्या रोपाच्या कुंड्या एकमेकांना देतात. त्याला नाक लावायचं नाही, हात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. तिनं पोरांना आमच्या तुळशीवर तसाच हात फिरवायला शिकवलं. देवाला वाहायचं ते आधी हुंगू नये हे आम्हाला कोणी शिकवावं! त्या दिवशी मात्र सून मला माझ्या माहेरची वाटली.

नुसती वस्तूंची नावं सोडून पहिल्यांदा मनातलं बोलली ती त्या बाजारवाल्या आईची पोट्टी. तिनं नातीच्या हातातलं माप ओढलं आणि पोर्तुगीजमध्ये ‘माझं’ म्हणाली. ही भाषा फक्त आपल्या आईची नाही, हिच्यात भांडताही येतं, हे नातीला तेव्हा कळलं असावं. तिनं माप परत ओढलं आणि त्याच भाषेत उत्तर दिलं. सुनेनं तोंड फिरवून डोळे पुसले. मीही पुसले. बोलायची तर मला बंदीच होती.

फोनवर मात्र नात अजूनही माझ्या पदराआडच होती. पोळा जवळ आला, त्यामागून दिवाळीही येणारच होती, आणि मला रात्री डोळ्याला डोळा लागेना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि घरोघरी त्यांना बोजारा मिळतो, खाऊ किंवा सुटे पैसे. छपरीतली सगळी टोळी बैल ओढत आमच्या अंगणात आली. मी बोजाऱ्याचं ताट घेऊन उभी होते. सुनेनं आपल्या आईला दाखवायला फोन समोर धरला. तिकडून त्या बाईनं काही विचारलं आणि चारपाच पोरं एकदम बैल वर करून ओरडू लागली, सगळी पोर्तुगीजमध्ये. नातीला ते सहन होईना. तिनं सगळ्यांना ढकलून फोन धरला आणि “अवॉ!” म्हणून जी सुटली ती थांबेचना. बैलाची शिंगं, बैलाचं शेपूट, सगळं सांगून झालं.

मग तिला बोलतं ठेवायला त्या बाईनं मुद्दाम विचारलं, ती मागे उभी आहे ती कोण?

नात मान वळवून माझ्याकडे बघत पोर्तुगीजमध्येच म्हणाली, “ती आमच्यातलीच आहे. ती अजून बोलत नाही. ती लहान आहे.”

सून हसत माझ्याकडे वळली, “आई, ती म्हणते...”

“कळलं मला,” मी म्हटलं.

अक्षर न् अक्षर कळलं होतं. मी ताट खाली ठेवलं, फोनपुढे गेले, त्या चष्मेवाल्या बाईकडे हात पसरले आणि म्हटलं, “वें का.”

ती बाई बघतच राहिली. नातीनं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत की नवल केलं नाही. तिनं फोन माझ्या हातात दिला, ताटातला बोजारा उचलला आणि बैल ओढत पुढच्या घरी गेली.